न मोजलेला ताप

डोंबिवलीतल्या एखाद्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये सिझेरियन होतं. चौथ्या दिवशी आई आणि बाळ घरी जातात. आठव्या दिवशी टाक्यांच्या एका टोकाला लाली येते, दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग ओलं होतं, अंगात कणकण भरते. बाई पुन्हा त्या नर्सिंग होमच्या पायऱ्या चढत नाही. सोसायटीच्या खालच्या गाळ्यात बसणाऱ्या फॅमिली डॉक्टरांकडे जाते. ते जखम साफ करतात, पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात, पाणी लागू देऊ नका म्हणून सांगतात. आजी म्हणते, भात खाल्ला म्हणून पू झाला. दोन आठवड्यांत जखम भरून येते आणि विषय संपतो. नर्सिंग होमच्या वहीत त्या महिन्याच्या रकान्यात मात्र लिहिलेलं असतं : जंतुसंसर्ग, शून्य.

इथे खोटं कुणीच बोललेलं नाही. सर्जनला कळलं नाही, फॅमिली डॉक्टरांनी कळवलं नाही, बाईला आपण कुणाला काही कळवायचं असतं हेच ठाऊक नाही. पुढची पानं वाचताना हे शून्य डोळ्यांसमोर ठेवावं. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या सिस्टर, आरएमओ, वॉर्डातल्या मावशी, नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर आणि खाटेशेजारी स्टुलावर रात्र काढणारे नातेवाईक, या सगळ्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. यातल्या प्रत्येकाची समजूत अशी की, रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचा प्रश्न आहे खरा, पण दुसऱ्याच्या रुग्णालयात.

दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनंतर जो संसर्ग उद्भवतो आणि येताना जो शरीरात नव्हता, मुरतही नव्हता, तो रुग्णालयाच्या खात्यावर धरायचा, अशी जगभरची रीत आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी मुदत ३० दिवसांची. गुडघ्यात कृत्रिम सांधा किंवा हाडात पट्टी बसवली असेल तर ९० दिवसांची. म्हणजे घरी जाऊन पोळ्या लाटायला लागलेली बाईसुद्धा महिनाभर रुग्णालयाच्याच हिशेबात असते. आपल्याकडे बिल भरून डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की दोन्ही बाजूंनी हिशेब मिटतो. प्रकार मुख्यतः चार : मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून रक्तात शिरलेला, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात उतरलेला, लघवीच्या नळीतून वर चढलेला आणि शस्त्रक्रियेच्या जखमेतला. पहिले तिन्ही आपण घातलेल्या नळीच्या वाटेने येतात आणि चौथा आपणच दिलेल्या छेदातून. डायलिसिसच्या खुर्चीवर हिपॅटायटिस सी पसरतो, तो वेगळा विषय आहे आणि पुस्तकात त्याला वेगळं प्रकरण आहे.

थोडं मागे जायला हवं, कारण या इतिहासात कल्याणचंही नाव येतं. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी कुटुंबात यमुना नावाची मुलगी जन्मली. त्याच वर्षी १२ ऑगस्टला ग्लासगोत जोसेफ लिस्टरने गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि ती जखम न सडता भरली. दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, व्हिएन्नातल्या एका वेड्यांच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस मरण पावला. प्रसूतिगृहात डॉक्टरांनी हात धुवावेत एवढ्या मागणीपायी समव्यावसायिकांशी भांडून थकलेला हा माणूस गेला तो सडलेल्या जखमेतल्या संसर्गाने. यमुना म्हणजे आपली आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे ती समुद्रापार वैद्यक शिकायला निघाली त्यामागे हे दुःख होतं. १८८६ साली फिलाडेल्फियात तिने पदवी घेतली, तीही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. या तीन घटना एका वर्षात आल्या हा योगायोगच, त्याला अर्थ चिकटवायचा मोह मला नाही. पण बाळंतिणीच्या खोलीतलं मरण रोखता येतं, हे युरोपात मान्य व्हायला लागलं तो काळ आणि आनंदीबाईचा काळ एकच आहे, हे कल्याणकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

सेमेलवाइसची गोष्ट हात धुण्याची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती वहीची गोष्ट आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. दोन्हींचे मृत्यू महिन्यावार लिहिले जात. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि जूनमध्ये हा आकडा दोनाच्या आसपास आला. तेव्हा जंतू हा शब्दही वैद्यकात रुळला नव्हता. कारण नेमकं माहीत नसताना उपाय सापडला, तो दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले म्हणून. वही नसती तर सेमेलवाइस हा स्वच्छतेचं वेड असलेला एक चिडका डॉक्टर म्हणून विसरला गेला असता.

आज आपले रकाने काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातल्या सात जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना किमान एक तरी असा संसर्ग जडतो आणि जडलेल्यांतल्या सरासरी दहातला एक मरतो. भारतातल्या सात शहरांतल्या १२ अतिदक्षता विभागांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. १०,८३५ रुग्णांच्या त्या नोंदींत दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे साधारण साडेदहा न्यूमोनिया आणि दर हजार नळी-दिवसांमागे जवळपास आठ रक्तसंसर्ग आढळले. लक्षात घ्या, हे मोजायला तयार झालेल्या रुग्णालयांचे आकडे आहेत. न मोजणाऱ्यांचे याहून कमी असतील असं मानायला काही आधार नाही.

दुसरी एक नोंद आणखी जवळची आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत कार्बापेनेम या राखीव समजल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यातल्या २२ जंतूंत एनडीएम-१ हे जनुक निघालं. हे निष्कर्ष मार्च २०१० मध्ये इथल्याच डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आले आणि फारशी खळबळ झाली नाही. ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या संसर्गविषयक नियतकालिकात तेच जनुक आलं, तेव्हा देशभर गदारोळ उठला, तो बराचसा त्याच्या नावातल्या नवी दिल्लीवरून. जनुकाच्या नावात राजधानी असावी की नसावी यावर आपण जेवढं बोललो त्याच्या चौथाईभरही ते बाळगणारा जंतू वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कसा जातो यावर बोललो नाही.

तो कसा जातो हे समजायला ठाणे जिल्ह्याचा नकाशा पाहावा. मुरबाड किंवा शहापूरच्या पाड्यावरचा तापाने फणफणलेला माणूस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाईत, तिथून कळव्याला, आणि तिथेही जमलं नाही तर सायन, केईएम किंवा जेजे. 'वर पाठवतो' हा आपल्याकडचा परवलीचा शब्द. वर जाताना प्रत्येक मुक्कामाला एक सुई, एक सलाईन, एखादी नळी, एक प्रतिजैविक वाढत जातं, आणि प्रत्येक मुक्कामाचे जंतूही सोबत चढतात. कागद मात्र सोबत पूर्ण जात नाहीत. लघवीची नळी कुठे आणि कधी घातली हे पुढच्या रुग्णालयाला बहुतेकदा कळत नाही. कल्चर पाठवलं होतं का, त्याचा रिपोर्ट काय आला, हे तर विचारूच नये. या साखळीत संसर्ग कोणत्या स्टेशनवर चढला ते शोधणं अवघड. म्हणून प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

साखळीच्या शेवटी गर्दी असते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. राज्यभर ती बातमी गाजली, चौकशी समिती नेमली गेली. जिल्हा रुग्णालय, म्हणजे ठाणेकरांचं जुनं विठ्ठल सायन्ना, नव्या इमारतीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं गेलं होतं आणि ५०० खाटांच्या कळव्यावरचा भार वाढला होता. त्या मृत्यूंना मी इथे जंतुसंसर्गाच्या खात्यावर टाकत नाही, तसं करणं बेजबाबदारपणाचं होईल. पण गर्दी आणि संसर्ग यांचं नातं सरळ आहे. खाटेला खाट लागली, जमिनीवर गाद्या पडल्या, एका सिस्टरच्या वाट्याला दहाऐवजी पंचवीस रुग्ण आले, की दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ करायला लागणारे वीस-तीस सेकंद सगळ्यात आधी गायब होतात. औषध द्यायचं राहिलं तर कुणीतरी ओरडतं, हात राहिले तर कुणाला दिसतही नाही. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या रुग्णांनी वॉर्ड भरतात, नेमक्या त्याच दिवसांत चादरी वाळत नाहीत आणि भिंतींना ओल येते.

ठाण्याच्या अलीकडे, भांडुपच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात डिसेंबर २०२१ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातली चार बाळं जंतुसंसर्गाने गेली. विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या निलंबनाची घोषणा झाली. निलंबन ही आपली आवडती जंतुनाशक फवारणी आहे. वास लगेच जाणवतो. पण चार बाळांपर्यंत जंतू पोहोचला त्या वाटेवर पाण्याचा नळ होता, सक्शनची नळी होती, दोन बाळांत वाटून वापरलेली औषधाची कुपी होती की हात होते, हे शोधायला वेगळी माणसं, प्रयोगशाळा आणि सवड लागते. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत सुमारे साडेतेरा हजार नवजात बाळांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळांच्या रक्तात सापडलेले जंतू सर्वांत जास्त ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला या जातींचे, आणि अनेक औषधांना न जुमानणारे होते. संसर्ग झालेल्या बाळांपैकी दोन तृतीयांश बाळांना तो जन्मानंतर ७२ तासांच्या आत झाला होता. तीन दिवसांचं बाळ एवढे पटाईत जंतू आणणार कुठून? बाळंतपणाच्या टेबलावरून आणि वॉर्डातूनच.

सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांची चर्चा निदान होते तरी. कल्याण-डोंबिवलीत आजाऱ्यांचा मोठा भार वाहतात ती रहिवासी इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची छोटी नर्सिंग होम. मध्यमवर्गाचा सगळा विश्वास त्यांच्यावर आहे आणि तो फुकाचा नाही. तिथला डॉक्टर रात्री दोनला फोन उचलतो. पण त्यांचं ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, मुळात कुणाची तरी बेडरूम होती. तिथे भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची ताजी, गाळलेली हवा आत येत नाही. शनिवारी रात्री फॉर्मेलिनचा धूर करून दार चिकटपट्टीने बंद करायचं, ही रीत अजून अनेक ठिकाणी भक्तिभावाने पाळली जाते. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे, आणि धुराने टेबलावरचा वाळलेला रक्ताचा डाग निघत नाही. तो साबणपाण्याने पुसावा लागतो. ऑटोक्लेव्हचा ड्रम तापला म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक झालं, असंही धरलं जातं. ड्रम ठासून भरला असेल तर मधल्या कापडापर्यंत वाफ पोहोचतच नाही, आणि बाहेरच्या चिकटपट्टीवर उमटलेले काळे पट्टे एवढंच सांगतात की ड्रमला बाहेरून उष्णता लागली. पुस्तकातलं या विषयावरचं प्रकरण मला अतिशय आवडलं, कारण त्यात कुणालाही हिणवलेलं नाही. दोन हजार रुपयांत काय सुधारता येईल, वीस हजारांत काय, आणि कशासाठी मात्र भिंत फोडावीच लागेल, हे त्यात सांगितलं आहे.

पाण्याचंही तसंच. या पट्ट्यात दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद ठेवल्याच्या सूचना पेपरात नियमित येतात आणि त्या दिवशी रुग्णालयं गच्चीवरच्या टाकीवर किंवा टँकरवर चालतात. अशा दिवशी अल्कोहोलच्या हँडरबला पर्याय नाही. तो आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे साधं इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ग्लिसरॉल मिसळून रुग्णालयातच बनवता येतो. तो वीस-तीस सेकंदांत काम करतो, साबणपाण्याला चाळीस ते साठ सेकंद लागतात. अपवाद एवढाच की हात दिसायला मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जुलाबाचा रुग्ण असेल, तर साबणपाणीच हवं. त्या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोल काही करत नाही. कोविडच्या काळात लिफ्टजवळसुद्धा बाटल्या होत्या. आता बऱ्याच वॉर्डांत खाटेपाशीची कडी आहे आणि बाटली नाही. त्याच काळाचा दुसरा धडा म्युकरमायकोसिसचा. मे २०२१ मध्ये कल्याण-डोंबिवलीतही त्याने बळी घेतले, आणि अनियंत्रित साखर आणि सढळ हाताने दिलेले स्टेरॉइड एका साध्या बुरशीला केवढी वाट करून देतात ते दिसलं.

बाटली असली तरी प्रश्न राहतोच : कुणी कुणाला सांगायचं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी पाळली. हात स्वच्छ करणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, पूर्ण चादर-गाऊन वापरणं, शक्यतो मांडीची शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. दर हजार नळी-दिवसांमागचा मध्यगत दर २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ साली ही माहिती प्रसिद्ध झाल्यापासून सगळे त्या यादीची झेरॉक्स काढतात. यादीशेजारची दुसरी अट सहसा झेरॉक्समध्ये येत नाही : डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर सिस्टरने काम तिथल्या तिथे थांबवायचं, आणि व्यवस्थापनाने तिच्या पाठीशी उभं राहायचं. आपल्याकडे राउंड म्हणजे मिरवणूक. पुढे मोठे सर, मागे रजिस्ट्रार, त्यामागे इंटर्न, आणि ट्रॉली ढकलत सिस्टर. तिने 'सर, हात' असं म्हणायचं, तेही रुग्णाच्या नातेवाइकांसमोर? एखाद्या ठिकाणी हे घडतं, आणि घडतं तिथे सरांनीच आधी कधीतरी 'मला अडवत जा' असं सगळ्यांदेखत सांगितलेलं असतं.

लघवीच्या नळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती सगळ्यात दुर्लक्षित. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता तीन ते सात टक्क्यांनी वाढते. उपाय पुस्तकात एका वाक्यात येतो : गरज नसेल तर घालू नका, संपली की काढा. मग ती आठवडाभर का राहते? कारण रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे एकच मावशी असते. नळी काढली तर म्हाताऱ्या आजोबांना दर दोन तासांनी भांडं द्यायला कुणीतरी हवं, चादर बदलायला हवी. नळी हा इथे माणसाच्या जागी ठेवलेला प्लास्टिकचा माणूस आहे. ही मावशी किंवा वॉर्डबॉय बहुधा ठेकेदाराकडचे. ठेका बदलला की माणसं बदलतात. फरशी पुसताना कोणता मॉप कुठला, हायपोक्लोराइट किती पाण्यात किती घालायचं, लाल पिशवीत काय आणि पिवळीत काय, हे सगळं जेमतेम शिकून होतं तोवर नवा चेहरा येतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांचा रंगीत तक्ता प्रत्येक भिंतीवर आहे. तो वाचून दाखवणारं कुणी आहे का, ते पाहावं.

नातेवाइकांविषयीचं प्रकरण वाचून काही जण रागावतील. खाटेवर बसणं, बाजूच्या रुग्णाच्या उशाशी डबा ठेवणं, सलाईनची चकती स्वतः फिरवणं, लहान मुलांना भेटीला आणणं, हे आपण प्रेमापोटी करतो. पण दुसरीकडे, रुग्णाला कुशीवर वळवणारे, तोंड पुसणारे, रात्री सिस्टरला हाक मारणारे हात नातेवाइकांचेच असतात. त्यांना हाकलून आपली रुग्णालयं एक दिवसही चालणार नाहीत. तेव्हा त्यांनाच शिकवलं पाहिजे, ही या पुस्तकाची भूमिका मला पटते. आई व्हेंटिलेटरवर असेल तर खाटेचं डोकं तीस अंशांवर आहे का आणि तोंडाची सफाई झाली का, एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

कायदा नाही असं नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. केंद्राचा रुग्णालय-स्वच्छतेचा 'कायाकल्प' उपक्रम २०१५ पासून चालू आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये संसर्गनियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली. समिती स्थापन करा, बैठक घ्या, नोंद ठेवा, असं सगळीकडे लिहिलं आहे. नोंद ठेवण्याचा धाक मात्र वेगळाच. आकडा बाहेर गेला तर पेपरवाले येतील, रुग्ण शेजारच्या रुग्णालयात जातील, एखादा नगरसेवक काच फोडायला माणसं आणेल, ही भीती खोटी नाही. जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने काही जणांची दृष्टी गेली. अशा घटनेनंतर पहिला प्रश्न 'कोण' हा येतो, आणि 'कसं' विचारायची पाळी येईतो ओटी धुऊन पुसून साफ झालेली असते. जो रुग्णालयप्रमुख आपला खरा आकडा सांगेल त्याला आपण, म्हणजे वाचक, रुग्ण आणि पत्रकार, कसं वागवतो, यावर पुढच्या रुग्णालयाची वही ठरते. हजार नळी-दिवसांमागे आठ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या रुग्णालयात मी माझ्या माणसाला दाखल करेन, शून्य सांगणाऱ्याकडे नेताना दोनदा विचार करेन.

पुस्तकाच्या शेवटी वहीचा एक नमुना छापला आहे. आठच रकाने आहेत : शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार, छेद देण्याआधी प्रतिजैविक किती वाजता दिलं, ड्रममधल्या पट्टीचा निकाल, नळी घातल्याची तारीख, काढल्याची तारीख, कल्चर पाठवलं का, आणि तिसाव्या दिवशीचा फोन. हा फोन डॉक्टरने करायची गरज नाही, काउंटरवरची मुलगी करू शकते. जखम लाल झाली होती का, पू आला का, ताप आला का, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात का, असे चार प्रश्न. फोन सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत आकडा वाढलेला दिसतो, कारण आजवर फॅमिली डॉक्टरांच्या गाळ्यात विरून गेलेल्या जखमा आता वहीत येतात. मालक घाबरतात आणि वही बंद करायला सांगतात ते याच महिन्यांत. त्या महिन्यांत सिस्टरने मालकांशी काय बोलायचं, कोणता आलेख दाखवायचा आणि कोणता अजिबात दाखवायचा नाही, यावर लेखकांनी पाच पानं खर्च केली आहेत. वाचायला सुरुवात तिथूनच केली तरी चालेल.